पूर्ण म्हणण्याआधी

कोरा कागद सापडला तेव्हा ग्रंथपाल बाई त्याच टेबलाशी उभ्या होत्या, आणि त्यांना तो दिसला नाही.

"मॅडम, इथे नकाशा असायला हवा ना?" संशोधक मुलीने विचारलं. दुपारचं ऊन दुर्मिळ ग्रंथांच्या खोलीत शिरून टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. पुढ्यात जुन्या सागरी वाटांच्या नकाशांचं जाडजूड पुस्तक उघडं होतं. हाताने रंगवलेले नकाशे असलेलं, दुसरी प्रत कुणाच्या ऐकिवात नसलेलं. बाई वाकल्या. पुस्तकाच्या कडा दिसल्या, मुलीच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं, आणि नकाशाच्या जागी दिसला तो त्यांचा रोजचा धूर. गेली काही वर्षं त्या जिथे म्हणून बघायला जात, तिथे हा धूर आधीच जाऊन बसलेला असे.

"असायला हवा," बाई म्हणाल्या. एवढं बोलायला धोका नव्हता.

उपग्रंथपाल शेजारच्या टेबलावरून उठून आला. त्याने पान उजेडात धरलं, शिवणीजवळ बोट फिरवलं. "कापलाय. ब्लेडने. आणि त्या जागी तेवढ्याच जाडीचा कोरा कागद चिकटवलाय." त्याचा आवाज खाली आला. "मॅडम, याआधी हे पुस्तक कुणी घेतलं होतं?"

"ते पाहुणे संशोधक आले होते ना, कोटवाले. त्यांनी."

"परत केलं तेव्हा तुम्ही पूर्ण म्हणाला होतात?"

"म्हणाले होते."

"म्हणजे तोपर्यंत नकाशा होता," उपग्रंथपाल म्हणाला, आणि सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात ग्रंथालयाचे जुने शिपाई, मामा, उभे होते. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याच हातात होत्या.

आता हे 'पूर्ण' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर एका शब्दावरून माणूस चोर कसा ठरतो ते कळायचं नाही.

बाई या विद्यापीठात लागल्या त्या कार्डं टाइप करायला. तेव्हा ग्रंथालय म्हणजे लाकडी खण, खणात कार्डं आणि कार्डांवर धूळ. त्या काळात एकदा एक जुना ग्रंथ फाटून परत आला. वाचणारा म्हणाला, मला असाच मिळाला; देणारा म्हणाला, मी धड दिला. शेवटी दोघांनीही कानांवर हात ठेवले आणि ग्रंथ तेवढा फाटका राहिला. बाईंना त्याचा इतका संताप आला की त्यांनी आपल्यापुरता एक नियम केला. दुर्मिळ ग्रंथ परत आला की वाचणाऱ्याला समोर बसवायचं, त्याच्यादेखत पहिल्यापासून शेवटपर्यंत पान न् पान उलटायचं, आणि सगळं जागच्या जागी असेल तर मोठ्याने म्हणायचं: पूर्ण. ते ऐकल्याशिवाय वाचणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही आणि मामांनी ग्रंथ कपाटात ठेवायचा नाही.

मोठमोठे प्राध्यापक या नियमावर चिडायचे. एकाने विचारलं, "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" बाई म्हणाल्या, "आहे की. म्हणून तर तुमच्यासमोर बघते." प्राध्यापक गप्प बसून पानं उलटताना बघत राहिले. पुढे बाई ग्रंथपाल झाल्या, खणांच्या जागी संगणक आले, कार्डांची कोरी बाजू मुलांनी निरोपांच्या चिठ्ठ्यांना वापरून संपवली, पण हा नियम काही हलला नाही. बाईंचं 'पूर्ण' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे मानायला लागले. बाईही मानायला लागल्या, आणि गोची तिथेच झाली.

मुलं त्यांना पाठीमागे 'मांजर' म्हणत. फडताळांच्या रांगांतून पावलं न वाजवता फिरायच्या, दोघं कुजबुजत असले की नेमक्या मागे येऊन उभ्या राहायच्या. परीक्षेच्या दिवसांत चांगलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून काही पोरं ते भलत्याच विषयाच्या फडताळात दडवून ठेवत. हा उद्योग सगळ्याच ग्रंथालयांत चालतो. बाईंनी असा एक दडवाखोर रंगेहाथ पकडला होता, कायद्याचं पुस्तक गुरांच्या आजारांमध्ये खुपसताना. तक्रार केली नाही. आठवडाभर त्याच्याकडून पुस्तकं जागेवर लावून घेतली. तोच मुलगा आता विद्यापीठाचा कुलसचिव होता, आणि भरसभेत सांगायचा की मला शिस्त मॅडमनी लावली.

अलीकडे त्या फडताळांमधून दिवा न लावता जायच्या, तेव्हा तर मांजर हे नाव अगदीच पक्कं झालं. काटकसर म्हणायची माणसं. खरं म्हणजे बाईंना आता दिव्याने काही फरक पडत नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल." म्हणजे चालता येईल, जिना उतरता येईल, चहाचा कप धरता येईल. वाचता येणार नाही. समोरचा माणूस कोण ते कळणार नाही.

हे घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं. सकाळी तो पेपर मोठ्याने वाचायचा, जसा काही स्वतःसाठीच. "अगं, सांगून टाक," तो म्हणायचा. "कोण काय करणार आहे तुला? काहीतरी सोय करतील."

"निवृत्तीला आता राहिलंय किती? वाचता न येणारी ग्रंथपाल म्हणून मला कुणी जिना उतरवून द्यायला नको. माझी मी उतरेन."

हट्ट होता, दुसरं काही नाही. बाईंनी हट्टाला कष्टांची जोड दिली. माणसं आवाजावरून ओळखायला शिकल्या. पुस्तकांच्या जागा हाताला पाठ होत्याच. मामांना पूर्वीपासून स्वतःशी बडबडायची सवय, ती कामाला यायला लागली. पुस्तकांची गाडी ढकलत ते "हा इतिहास, हा भूगोल, हे कुणाचं बाई, हं, रसायनशास्त्र" असं पुटपुटत जायचे आणि बाई ऐकून घ्यायच्या. आणि दुर्मिळ ग्रंथांसाठी त्यांनी अंगठा तयार केला. साधं पान पातळ, चित्राचं जाड, नकाशाचं त्याहून जाड आणि कडेला खरखरीत. कुठे काय यायला हवं ते त्यांना ठाऊक होतं. अंगठा चुकत नाही असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

कोटवाल्या पाहुण्याने तोच अंगठा फसवला.

त्या रात्री जेवताना बाईंना तो माणूस पुन्हा पुन्हा आठवला. गोड बोलणारा होता. पहिल्याच दिवशी त्याने पान पुढे सरकवून विचारलं होतं, "हे बारीक काय लिहिलंय हो, मला नीट लागत नाही." बाई हसून म्हणाल्या होत्या, "ते वाचायलाच तर आम्ही तुम्हाला बोलावलंय." आपण किती सफाईने वेळ मारून नेली याचा त्यांना तेव्हा अभिमान वाटला होता. आता घास हातातच राहिला. त्याने विचारलं नव्हतं, चाचपलं होतं. सगळ्या विद्यापीठाला जे कळलं नाही ते त्याला एका वाक्यात कळलं होतं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग एवढंच म्हणाला, "मामांचं काय होईल?"

मामांचं काय व्हायचं ते लगेच व्हायला लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. त्यांना तळघरात जुनी मासिकं बांधायला बसवलं. काउंटरवरची माणसं, जी कालपर्यंत "मामा, चहा घेणार?" म्हणायची, ती ते आले की बोलणं आवरतं घ्यायला लागली. कुणी म्हणालं, असले नकाशे बाहेर सोन्याच्या भावाने जातात. कुणाला आठवलं, मामांनी नुकतंच घर रंगवलं. सुतावरून स्वर्ग गाठायला माणसांना वेळ लागत नाही, आणि ग्रंथालयातल्या माणसांना तर मुळीच नाही, कारण त्यांना दिवसभर गप्प बसावं लागतं.

बाईंनी उपग्रंथपालाला गाठलं. "मामांनी केलं असेल असं तुम्हाला वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग, मॅडम?" तो वाईट माणूस नव्हता. रडवेला झाला होता. "तुम्ही पूर्ण म्हणालात. नंतर पुस्तक मामांनी कपाटात ठेवलं. मधे कुणी मागितलं नाही. किल्ली त्यांच्याकडे. तुम्हीच सांगा, दुसरा कुणी कसा?"

एक वाक्य बोललं की मामा सुटत होते. तेच वाक्य बोललं की बाईंचं सगळं आयुष्य त्या धुरात जात होतं. म्हणजे गेली काही वर्षं प्रत्येक 'पूर्ण' खोटं होतं. मग त्याआधीची तरी खरी कशावरून, असंही कुणी विचारेल. एका कोऱ्या कागदाने सगळी पानं कोरी होतील. त्या आपल्या खोलीत येऊन बसल्या आणि त्यांनी स्वतःला सांगितलं की समिती बसू दे, मामा स्वतःची बाजू मांडतील, सुटतील. हे त्यांना स्वतःलाही पटलं नाही.

समितीची पहिली बैठक झाली. मामांना विचारलं, तुम्हाला काय सांगायचंय? मामा म्हणाले, "मला काही सांगायचं नाही." दोनदा विचारलं, दोनदा तेच.

हे ऐकल्यावर बाईंना राहवेना. भिंतीला हात लावत त्या तळघरात उतरल्या. सुतळीचा आणि जुन्या कागदाचा वास येत होता. कोपऱ्यात कुणीतरी गठ्ठा आवळत होतं.

"मामा?"

"या बाई. पायरीजवळ गठ्ठा आहे, डावीकडून या."

बाई डावीकडून आल्या. "तुम्ही काहीच का बोलला नाहीत? निदान मी केलं नाही एवढं तरी म्हणायचं."

"म्हटलं असतं. मग विचारलं असतं, तुम्ही नाही तर कुणी? मग तो कोटवाला आला असता. मग म्हणाले असते, तो कसा असेल, बाईंनी पानं बघितली होती." मामांनी सुतळीला गाठ मारली. "मग मला तुमच्याबद्दल बोलावं लागलं असतं."

बाई तिथेच एका गठ्ठ्यावर बसल्या. "तुम्हाला माहीत आहे."

"गाडी ढकलताना मी पूर्वी कधी पुस्तकांची नावं घेत होतो का, बाई? गाणी म्हणायचो. तुम्हीच ओरडायचात, की मामा, हे ग्रंथालय आहे."

मामांची बडबड ही सवय आहे असं बाईंना वाटलं होतं. ती त्यांच्यासाठी होती. गाणी कधी थांबली हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणि तुम्ही पानं उलटताना मी रोज तुमच्या खुर्चीमागे उभा राहायचो," मामा सांगत होते. "तुम्ही अंगठ्याने बघायचात, मी डोळ्यांनी. काही कमी दिसलं की खोकायचं असं मी ठरवलं होतं. कधी खोकावं लागलं नाही. त्या दिवशी वारा सुटला, खिडकी आपटायला लागली. मी लावायला गेलो. येऊन बघतो तर तुम्ही पूर्ण म्हणून मोकळ्या झाला होतात, आणि तो कोटाची बटणं लावत होता. मग म्हटलं, एका दिवसाने काय होतंय. ग्रंथ उचलला आणि ठेवला. तेव्हा चाळला असता तर पकडलं असतं त्याला. चूक माझीपण आहे, बाई. तुम्हाला आता थोडेच दिवस राहिलेत. सुखाने निघा. माझं मी बघेन."

बाईंना रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त होता. ज्या अंगठ्याचा त्यांना एवढा गर्व होता, त्याच्यामागे दुसऱ्याचे डोळे उभे होते. आणि त्या डोळ्यांना चोर म्हटलं जात असताना त्या वरच्या खोलीत बसून समितीची वाट बघत होत्या. स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. त्या उठल्या आणि जिना चढल्या.

दुसऱ्या बैठकीला बाई न बोलावता गेल्या. लांब टेबल, पलीकडे कुलसचिव आणि एक ज्येष्ठ प्राध्यापिका, बाजूला उपग्रंथपाल, आणि भिंतीशी मामा. बाईंना दिसले ते टेबलाचे कोपरे.

"मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" कुलसचिव उठून उभा राहिला. "आम्ही प्रकरण वाढवणार नाही. पोलीस वगैरे काही नाही. मामांना आपण लवकर निवृत्त करू, शांतपणे. तुमच्या निरोपाच्या वेळी असलं काही नको."

"शांतपणे म्हणजे चोर म्हणून," बाई म्हणाल्या.

"तसं नाही हो. पण तुमचा शब्द आहे. तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो, हे तुम्हाला माहीत आहे."

"तेच चुकतंय. ते पुस्तक आणा. मी पुन्हा एकदा तपासते. तुम्ही डोळे उघडे ठेवून बघा."

मामा भिंतीपासून पुढे आले. "बाई, नको," ते हळूच म्हणाले. बाईंनी खुर्ची ओढली.

उपग्रंथपालाने पुस्तक आणून पुढ्यात ठेवलं. बाईंनी पदराला हात पुसले, ही त्यांची जुनी सवय, आणि पहिलं पान उलटलं. मग दुसरं. नेहमीच्याच गतीने, न घाई न उशीर. पातळ, पातळ, जाड. पातळ, पातळ, जाड आणि खरखरीत. खोलीत पानांचा तेवढा आवाज होता. तो कागद कुठे आहे हे बाईंना अजूनही सांगता आलं नसतं. त्यांनी शोधायचा प्रयत्नही केला नाही. पुस्तकाच्या मध्यापलीकडे कुठेतरी प्राध्यापिकेने श्वास आत घेतला, कुलसचिव "मॅडम" म्हणायला गेला आणि थांबला. तेव्हा बाईंना कळलं की ते पान येऊन गेलं. त्या थांबल्या नाहीत. शेवटपर्यंत गेल्या. पुस्तक मिटलं, त्यावर हात ठेवला आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "पूर्ण."

बाईंना कुणाचे चेहरे दिसत नव्हते, आणि त्या क्षणी त्यांना त्याचं बरं वाटलं.

"कोरा कागद तुम्हाला सगळ्यांना दिसला," त्या म्हणाल्या. "मला नाही दिसला. त्या दिवशीही दिसला नव्हता. किती दिवस असं चाललंय ते विचारा, सांगते. मामांना किल्ल्या परत द्या आधी."

कुलसचिव उठला, त्याने उपग्रंथपालाच्या फायलीजवळच्या किल्ल्या उचलल्या आणि मामांच्या हातात दिल्या. "मामा, माफ करा," तो म्हणाला. विद्यापीठात असं ऐकायला मिळणं दुर्मिळच.

पुढे बोलायचं ते लोक बोलले. काही हळहळले, काहींनी बाईंनी पूर्ण म्हटलेले सगळे ग्रंथ पुन्हा तपासायची मागणी केली. मागणी रास्त होती. उपग्रंथपाल आणि मामा मिळून एकेक ग्रंथ बघत बसले. दुसरं काही गेलेलं नव्हतं. कोटवाल्याला पत्रं गेली, पोलिसांनाही कळवलं. त्याने दिलेला पत्ताच खोटा निघाला. नकाशा मिळाला नाही.

निरोप समारंभात एका वक्त्याने सवयीने "मॅडमनी डोळ्यांत तेल घालून हे ग्रंथालय सांभाळलं" असं म्हटलं आणि जीभ चावली. सभागृह गार पडलं. पहिल्या रांगेतून बाई म्हणाल्या, "माझ्या नाही, मामांच्या डोळ्यांत." मग कुठे लोक हसले.

हार, नारळ, भाषणं उरकल्यावर बाई नवऱ्याला खाली थांबायला सांगून मामांबरोबर दुर्मिळ ग्रंथांच्या खोलीत गेल्या. नकाशांचं पुस्तक, तो कोरा कागद काढून, दुरुस्तीहून आलं होतं. कपाटात जाण्याआधी ते बघायला हवं होतं, आणि बाई संध्याकाळपर्यंत ग्रंथपाल होत्या.

त्यांनी पानं उलटायला घेतली. मामा शेजारी खुर्ची ओढून बसले, आता मागे उभं राहायची गरज नव्हती. प्रत्येक पानाला ते काय दिसतं ते सांगत होते. "मजकूर. मजकूर. नकाशा, निळा समुद्र, कडेला एक गलबत." अर्ध्यावर आले आणि वारा सुटला. मागची खिडकी आपटली. मामा बोलता बोलता थांबले आणि जागचे हलले नाहीत.

बाईंनी उघड्या पानावर तळवा ठेवला. "लावून या. मी थांबते."

मामा उठले. खिडकीची कडी लागल्याचा आवाज झाला. ते परत येऊन बसले तेव्हा बाईंचा हात त्याच पानावर होता.

"हं," मामा म्हणाले. "मजकूर. मजकूर. आणि इथे, बाई, नकाशा नाही. कापलेली कड आहे नुसती."

बाईंनी त्या कडेवरून अंगठा फिरवला. मग उरलेली पानं उलटली, पुस्तक मिटलं.

"अपूर्ण," त्या म्हणाल्या. "ठेवा कपाटात."